आईचा वकील

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असा आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा उपदेश आहे. आणि वाटणीच्या किंवा बांधाच्या भांडणांत दोन दोन पिढ्या खर्ची पडलेलीं घराणीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, ते त्या उपदेशाची किंमत जाणतात. परंतु जगांत एक कोर्ट असें आहे कीं, त्याची पायरी कोणी आपण होऊन चढत नाहीं. तेथें माणसास ओढून नेण्यांत येतें, आणि तेथील वाद जमिनीचा किंवा दागिन्यांचा नसून पोटच्या मुलाचा असतो. आईबाप मुलाचा नीट सांभाळ करीत नाहींत असा आरोप सरकारी खातें त्यांच्यावर ठेवतें, मूल त्यांच्यापासून काढून घेतें, आणि तें परत द्यावें कीं कायमचें दुसऱ्याच्या ओटींत घालावें, हें न्यायाधीश ठरवितो. अशा प्रसंगीं ज्या आईपाशीं वकिलास देण्यास पैसा नाहीं, तिच्या बाजूनें कोणी बोलावें, हा प्रश्न आम्ही या महिन्यांत वाचकांपुढें मांडणार आहों. अमेरिकेंत या प्रश्नाचा गेल्या अर्धशतकांत पुष्कळ खल झाला आहे. म्हणून प्रथम तिकडील हकीकत सांगून मग आपल्या घराकडे वळूं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास हा विषय प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. आपल्या घरांत बाळंतीण आजारी पडली तर मूल सासूच्या किंवा जावेच्या मांडीवर जातें. आत्या दोन महिने येऊन राहते. फारच अडलें तर मुलास आजोळीं धाडतात. एखाद्या आईचें चित्त ठिकाणावर नसलें, एखाद्या बापास व्यसन जडलें, तरी मुलाच्या तोंडीं दूधभात वेळेवर पडतो आणि घरांतील उणें घरांतच झांकलें जातें. हें सर्व नेहमीं चांगलेंच असतें असें आमचें म्हणणें नाहीं. झांकलेल्या उण्यापायीं सोसणारीं मुलें आपल्याही घरांत असतात. पण मुलाभोवतीं दहा हात असले म्हणजे एक हात सुटल्यानें तें खालीं पडत नाहीं, एवढें खरें. न्यू यॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत एका खोलींत दोन मुलांसह राहणारी आणि रात्रपाळीनें झाडलोट करून पोट भरणारी एकटी बाई डोळ्यांपुढें आणा. तिच्या मुलांभोवतीं दोनच हात असतात, आणि तेही कामाला गुंतलेले असतात.

तिकडील व्यवस्था थोडक्यांत अशी आहे. मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा संशय आल्यास शिक्षक, डॉक्टर, परिचारिका वगैरेंनीं सरकारास कळविलेंच पाहिजे, असा तेथील राज्यांत कायदा आहे. वर्दी मिळाली कीं बालकल्याण खात्याचा मनुष्य दारीं येतो, घर पाहतो, कपाटांत अन्न आहे कीं नाहीं हें बघतो, मुलांस एकीकडे घेऊन विचारतो, आणि धोका आहे असें वाटल्यास मूल उचलून परक्या घरीं ठेवतो. त्या परक्या घरास मुलाच्या खर्चाकरितां सरकार पैसे देतें. यास तिकडे फॉस्टर केअर म्हणतात. थोड्याच दिवसांत प्रकरण कोर्टापुढें येतें. तेथें खात्याच्या बाजूस खात्याचा वकील असतो. मुलाच्या हिताकरितां स्वतंत्र प्रतिनिधि नेमला पाहिजे, अशी अट १९७४ सालच्या बालछळप्रतिबंधक कायद्यानें, केंद्रसरकारचा पैसा घेणाऱ्या राज्यांवर घातली आहे. आईबापांकरितां मात्र त्या कायद्यानें तशी अट घातली नाहीं. म्हणजे ज्या खोलींत सर्वांत अधिक घाबरलेली व सर्वांत कमी शिकलेली अशी एकच व्यक्ति असण्याचा संभव असतो, त्या खोलींत नेमका तिच्याच बाजूनें बोलणारा कोणी असलाच पाहिजे असें नव्हतें.

यावर कोणी म्हणेल, मुलाचा छळ करणारीस वकील कशाला? त्याचें उत्तर असें कीं, या खटल्यांपैकीं बहुतेकांत आरोप मारहाणीचा नसतो, हेळसांडीचा असतो. हेळसांड या शब्दाच्या पोटांत फार गोष्टी मावतात. औषधपाणी वेळेवर न करणें, मुलास घरीं एकटें टाकणें, शाळेंत न धाडणें, कडाक्याच्या थंडींत ऊब नसलेल्या खोलींत ठेवणें, हें सारें त्यांत येतें. यांतील कांहीं अपराध आईच्या अंतःकरणाचे असतील. पण पुष्कळसे तिच्या रिकाम्या हाताचे असतात. रात्रपाळी सोडली तर भाडें थकतें, भाडें थकलें तर घर जातें, घर गेलें तर मुलांस आसरा नाहीं म्हणून खातें येतें. आणि रात्रपाळी धरली तर मुलें एकटीं राहतात म्हणूनही खातेंच येतें. निर्दय आईबाप जगांत नाहींतच असें आम्ही सुचवीत नाहीं. पोरास चटके देणारा बाप आहे, व्यसनापायीं तान्ह्यास उपाशी ठेवणारी आई आहे, आणि अशा घरांतून मूल काढून घेणें हा राज्यकर्त्यांचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच कीं, समोर उभी असलेली आई या दोहोंपैकीं कोणती, हें ठरवितांना न्यायाधीशाच्या कानीं दोन्ही बाजू पडतात कीं एकच.

अमेरिकेसारख्या देशांत गरिबास सरकारी खर्चानें वकील मिळत नाहीं काय, असें वाचक विचारतील. मिळतो, पण फौजदारी खटल्यांत. फ्लॉरिडांतील तुरुंगांतून स्वतःच्या हातानें अर्ज लिहून धाडणाऱ्या गिडिअन नांवाच्या कैद्याच्या खटल्यांत, गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या निर्धन माणसास सरकारनें वकील दिलाच पाहिजे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६३ मध्यें दिला. आणि १९७२ मध्यें हाच नियम, कैदेची शिक्षा द्यावयाची असेल अशा लहानसहान गुन्ह्यांसही लागू केला. मुलाचा खटला मात्र दिवाणी समजला जातो. चार दिवसांच्या कैदेची पाळी आली तर वकील मिळावा, आणि पोटचें मूल जन्माचें अंतरण्याची पाळी आली तर मिळूं नये, ही विसंगति कोणाच्याही नजरेंत भरण्यासारखी आहे. ती मिटविण्याचा योग १९८१ मध्यें लॅसिटर या नांवानें प्रसिद्ध असलेल्या खटल्यांत आला.

या खटल्याची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण त्यांतील आई कोणाच्याही मनांत चटकन् कींव उत्पन्न करणारी नव्हती. नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील डरहॅम येथें तिचें तान्हें मूल, त्याचें औषधपाणी नीट झालें नाहीं या कारणावरून, १९७५ मध्यें कोर्टानें खात्याच्या ताब्यांत दिलें. पुढील वर्षीं एका खुनाच्या खटल्यांत तिला पंचवीस ते चाळीस वर्षांची शिक्षा झाली. तिची इतर चार मुलें आजीपाशीं वाढत होतीं. १९७८ मध्यें खात्यानें अर्ज केला कीं, या मुलावरील तिचे आईपणाचे सर्व हक्क कायमचे नष्ट करावे. तिला तुरुंगांतून कोर्टांत आणण्यांत आलें. खात्याच्या बाजूनें वकील होता. तिच्या बाजूनें कोणी नव्हता. वकील पाहण्यास तिला पुरेसा वेळ मिळाला होता असें ठरवून न्यायाधीशानें काम पुढें चालविलें. खात्याच्या साक्षीदार बाईची उलटतपासणी त्या आईनें स्वतःच करावयाची होती. ती प्रश्न विचारण्याऐवजीं आपली बाजू सांगूं लागे, आणि न्यायाधीश तिला थांबवून, फक्त प्रश्न विचार, असें बजावी. मुलांचें आपणास होणार नाहीं असें आजीनें सांगितलें होतें, ही खात्याची साक्ष. आपण असें बोललोंच नाहीं, हें आजीचें म्हणणें. या दोहोंतील खरें कोणतें हें खणून काढणें म्हणजेच वकिलाचें काम. तें करणारा कोणी तेथें नव्हता. हक्क नष्ट झाले.

सर्वोच्च न्यायालयापुढें हा निकाल पांच विरुद्ध चार अशा मतांनीं कायम झाला. बहुमताचें निकालपत्र न्यायमूर्ति पॉटर स्टुअर्ट यांनीं लिहिलें. त्याचा सारांश असा कीं, माणसाचें शरीरस्वातंत्र्य जाण्याचा प्रसंग असेल तेथेंच सरकारी वकिलाचा हक्क गृहीत धरावा. मुलाच्या खटल्यांत वकील द्यावा कीं नाहीं हें त्या त्या खटल्याच्या स्वरूपावरून त्या त्या न्यायाधीशानें ठरवावें. आणि या आईच्या खटल्यांत वकील असता तरी निकाल फिरला नसता. न्यायमूर्ति हॅरी ब्लॅकमन यांनीं दोन सहकाऱ्यांसह विरुद्ध मत दिलें. न्यायमूर्ति जॉन पॉल स्टीव्हन्स यांनीं स्वतंत्र विरुद्ध मत लिहून, मूल कायमचें अंतरणें हें पुष्कळदां तुरुंगवासाहूनही दारुण असतें, असा अभिप्राय दिला. आम्हांस बहुमताचा युक्तिवाद एका साध्या कारणास्तव पटत नाहीं. वकील असता तर काय निघालें असतें, हें वकिलावांचून झालेल्या कामाचे कागद पाहून कसें सांगावें? जो प्रश्न विचारलाच गेला नाहीं, त्याचें उत्तर कागदांत सांपडत नाहीं.

तथापि न्यायालयानें जें दिलें नाहीं तें कायदेमंडळांस देतां येतें. हक्क कायमचे नष्ट करण्याच्या खटल्यांत निर्धन आईबापांस वकील देण्याचे कायदे ३३ राज्यांनीं व राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यानें तोंवर केलेलेच होते, हें त्या निकालपत्रांतच नमूद आहे. न्यू यॉर्क राज्याच्या श्रेष्ठ न्यायालयानें तर १९७२ मध्येंच, हेळसांडीच्या खटल्यांतील निर्धन आईस वकिलाचा हक्क आहे, असा निर्णय दिला होता. १९८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत, आईपणाचे हक्क नष्ट करावयाचे असतील तर नुसता थोडासा झुकता पुरावा चालणार नाहीं, स्पष्ट व खात्री पटविणारा पुरावा पाहिजे, असें ठरविलें. इकडे काळाचा फांसही आवळत गेला. १९९७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें मूल मागील २२ महिन्यांपैकीं १५ महिने परक्या घरीं राहिलें, तर कांहीं अपवाद सोडून, आईबापांचे हक्क नष्ट करण्याचा अर्ज राज्यानें केलाच पाहिजे. मुलानें वर्षानुवर्षें लोंबकळत राहूं नये, हा त्यांतील हेतु चांगला आहे. पण घर शोधणें, नोकरी धरणें, व्यसनावर उपचार घेणें, आणि खात्यानें सांगितलेले वर्ग पुरे करणें, हें सारें पंधरा महिन्यांत साधावयाचें, तर पहिल्या आठवड्यापासून हात धरणारा कोणी पाहिजे. चौदाव्या महिन्यांत मिळालेला वकील बहुधा फक्त शेवटच्या क्षणाचा सोबती ठरतो.

कायद्याच्या पुस्तकांतला वकील आणि कोर्टाच्या व्हरांड्यांतला वकील यांत किती अंतर पडतें, याचें न्यू यॉर्क हेंच उदाहरण आहे. तेथें अशा कामाकरितां खाजगी वकिलांची यादी ठेवून त्यांतून एकेकास नेमीत. त्यांची फी १९८६ पासून कोर्टांतील कामास तासाला ४० डॉलर आणि कोर्टाबाहेरील कामास २५ डॉलर अशी होती. वाचकांनीं या दोन आंकड्यांकडे नीट पाहावें. आईला घरीं जाऊन भेटणें, आजीशीं बोलणें, शाळेंतून व दवाखान्यांतून कागद मिळविणें हें सारें कोर्टाबाहेरचें काम. आणि खटला याच कामावर उभा राहतो. त्याच कामाची मजुरी सर्वांत कमी ठेवलेली! २००३ मध्यें एका न्यायाधीशानें ही फी इतकी तुटपुंजी आहे कीं तिच्यामुळें घटनेनें दिलेला हक्कच बुडतो, असा निकाल दिला. २००४ पासून ती ७५ डॉलर झाली, आणि अखेर २०२३ च्या कायद्यानें १५८ डॉलरांवर गेली.

पण नुसती फी वाढवून भागत नाहीं, हें ओळखून न्यू यॉर्क शहरानें २००७ मध्यें एक निराळा मार्ग धरला. केवळ आईबापांच्या बाजूनें काम करणाऱ्या संस्थांशीं शहरानें करार केले. या संस्थांत वकील एकटा नसतो. त्याच्या जोडीला समाजसेवेचें शिक्षण घेतलेली कार्यकर्ती असते, आणि पुष्कळदां तिसरी एक व्यक्ति असते, जिनें स्वतः असाच खटला सोसून आपलें मूल परत मिळविलेलें असतें. या तिसऱ्या व्यक्तीचें महत्त्व आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. ज्याचें जळतें त्यालाच कळतें. आणि जिचें एकदां जळलें आहे, तिचा शब्द घाबरलेल्या आईस वकिलाच्या दहा शब्दांहून अधिक धीर देतो. न्यू यॉर्कच्या कायद्याप्रमाणें मूल काढून नेल्यावर आईनें तें परत मागण्याचा अर्ज केला, तर त्याची सुनावणी सामान्यतः कोर्टाच्या कामाच्या तीन दिवसांत झाली पाहिजे. हा नियम जिला ठाऊकच नाहीं ती अर्ज कसा करणार? हे लोक तो अर्ज करतात. मूल आईपाशीं राहणें खरोखरच धोक्याचें असेल तर परक्याऐवजीं आजीकडे किंवा मावशीकडे ठेवा, असें सुचवितात. आठवड्याच्या भेटी ठरवून घेतात. आणि घरमालकाशीं, दवाखान्याशीं व शाळेशीं आईच्या वतीनें बोलतात.

या मार्गानें काय साधलें, याचा हिशेब झालेला आहे. न्यू यॉर्क विद्यापीठाच्या कायदेशाळेंतील संशोधकांनीं व ॲक्शन रिसर्च या संस्थेनें मिळून २००७ ते २०१४ या काळांतील ९,५८२ कुटुंबांच्या व त्यांच्या १८,२८८ मुलांच्या खटल्यांचा अभ्यास केला, आणि तो २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. यादीवरील एकट्या वकिलानें चालविलेले खटले एका बाजूस आणि अशा संस्थांनीं चालविलेले खटले दुसऱ्या बाजूस ठेवून पाहतां असें आढळलें कीं, खटला सुरू झाल्यापासून चार वर्षांच्या अवधींत संस्थेकडील मुलें सरासरीनें ११८ दिवस कमी परक्या घरीं राहिलीं. मुलें लवकर घरीं परतल्यामुळें त्यांस अधिक इजा झाली काय, हेंही पाहण्यांत आलें. तसा फरक दिसला नाहीं. ११८ दिवस म्हणजे जवळ जवळ चार महिने. आपणां मोठ्यांस चार महिने म्हणजे एक पावसाळा. पण दीड वर्षाचें मूल तेवढ्यांत आईचा आवाज विसरूं लागतें, आणि दुसऱ्याच कोणाला तरी आई म्हणूं लागतें. शिवाय ही तुलना वकील असणें आणि नसणें यांची नव्हे. दोन्हीकडे वकील होतेच. एका तऱ्हेच्या वकिलींत व दुसऱ्या तऱ्हेच्या वकिलींत जर एवढें अंतर पडतें, तर वकील असणें व मुळींच नसणें यांत किती पडत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

या पद्धतीविरुद्ध दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, हुशार वकील दोषी आईबापांस सोडवील आणि मूल पुन्हां जाचांत पडेल. वर दिलेल्या अभ्यासांत तसें दिसलें नाहीं. आणि त्याचें कारणही उघड आहे. अशा कामांतील चांगला वकील आईस केवळ कोर्टांत झांकीत नाहीं. तो तिला बंद दाराआड खरें तें सांगतो. दारू सोडल्यावांचून मूल मिळणार नाहीं, हें खात्याच्या माणसानें सांगितलें तर ती शत्रूचा शब्द म्हणून झिडकारते. तेंच तिच्या स्वतःच्या वकिलानें सांगितलें तर ऐकते. दुसरा आक्षेप पैशाचा. परंतु परक्या घरीं मूल ठेवण्यासही पैसा लागतोच, आणि तो दिवसागणिक लागतो. केंद्रसरकारनेंही आपलें धोरण २०१८ च्या अखेरीस बदललें, आणि ज्या मुलांचा खर्च केंद्राच्या अनुदानास पात्र आहे त्यांच्या आईबापांच्या वकिलांवरील खर्चाचा अर्धा भाग राज्यांस परत देण्याचें मान्य केलें.

इतर देशांनीं या बाबतींत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाहून अधिक उदार बुद्धि दाखविली आहे. कॅनडांतील न्यू ब्रन्स्विक प्रांतांत सरकारी मदतीवर गुजराण करणाऱ्या एका आईचीं तीन मुलें कांहीं महिन्यांपुरतीं काढून घेण्यांत आलीं होतीं. मुदत तात्पुरती असल्यामुळें तिला मोफत वकील मिळेना. १९९९ मध्यें त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें, न्याय्य सुनावणीकरितां तिला सरकारी खर्चानें वकील देणें घटनेप्रमाणें आवश्यक होतें, असा निर्णय दिला. इंग्लंडांत सरकारी यंत्रणेनें मूल ताब्यांत घेण्याचा अर्ज केला म्हणजे आईबापांस त्यांचें उत्पन्न न विचारतां मोफत वकील मिळतो. तरीही एका प्रकरणांत आईबाप ऐन सुनावणींत वकिलावांचून राहिले, तेव्हां युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें २००२ मध्यें ब्रिटनलाच दोषी धरलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. येथें कोणी म्हणेल, हीं परदेशांतील दुखणीं आपणांस कशाला? ज्या घरांतील मुलगे, सुना, भाचे परदेशांत संसार करीत आहेत, त्यांनीं तरी असें म्हणूं नये. २०११ मध्यें नॉर्वेंत एका भारतीय जोडप्याचीं दोन मुलें तेथील खात्यानें काढून घेतलीं, तेव्हां भारत सरकारास मध्यें पडावें लागलें, आणि मुलें २०१२ मध्यें स्वदेशीं परत आलीं. त्या आईबापांमागें एक सरकार उभें राहिलें. ज्या बाईमागें कोणीच नसतें, तिचें काय होत असेल?

पण परदेशाची वाट न धरतांही हा प्रश्न आपल्या दाराशीं येतो. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वयें बालकल्याण समित्या स्थापन होतात. समितींत एक अध्यक्ष व चार सभासद असतात, आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. स्टेशनांत सांपडलेलें, रस्त्यावर भीक मागतांना आढळलेलें, किंवा मजुरींतून सोडविलेलें मूल चोवीस तासांच्या आंत तिच्यापुढें नेलें पाहिजे. मुलास कुटुंबापासून तोडून संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय समजावा, असें कायद्याचें तत्त्व आहे. परंतु त्यांत मुदतीही आहेत, आणि त्या गरिबास कोणी समजावून सांगत नाहीं. आईबापांचा शोध लागला नाहीं तर दोन वर्षांपर्यंतचें मूल दोन महिन्यांत, आणि त्याहून मोठें चार महिन्यांत, दत्तक देण्यास मोकळें ठरविण्याची तजवीज आहे. नाइलाजानें आपण होऊन मूल स्वाधीन करणाऱ्या आईस फेरविचारास दोन महिने मिळतात. नंतर दार बंद होतें. समितीचा हुकूम मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आंत अपील करावें लागतें. वीटभट्टीवरून ऊसतोडीला आणि ऊसतोडीवरून शहरांतील बांधकामावर फिरणाऱ्या मजूर बाईस हे दिवस कोणीं मोजून द्यावे?

आपला कायदा या बाबतींत कंजूष नाहीं, हें सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. दुर्बलांस मोफत कायदेशीर मदत द्यावी हें तत्त्व १९७६ मध्यें घटनेच्या ३९-अ या कलमांत आलें, आणि १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२ व्या कलमानें स्त्री व बालक यांस त्यांच्या उत्पन्नाची अट न घालतां वकील मिळण्याचा हक्क दिला. न्यायदानाचें काम करणाऱ्या इतर अधिकृत मंडळांपुढील कामासही ही मदत लागू आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारांतील विधि सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. दूरध्वनीनें विचारावयाचें असल्यास १५१०० या क्रमांकावर विचारतां येतें. लॅसिटर खटल्यांतील आईस जें सर्वोच्च न्यायालयाच्या दारीं जाऊनही मिळालें नाहीं, तें आपल्या गांवांतील कोणत्याही आईस कायद्यानें मिळूं शकतें. तिला ठाऊक मात्र असलें पाहिजे.

आणि येथेंच आमच्या वाचकांचें काम आहे. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी बाई एके दिवशीं कामावर येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती येते ती रडत, कीं मुलगा घरांतून निघून गेला होता, पोलिसांनीं त्याला कुठल्याशा संस्थेंत नेला, आणि साहेब म्हणतात कीं कागद आणा. अशा वेळीं आपण हळहळतों, शंभर दोनशें रुपये हातावर ठेवतों, आणि मनांतल्या मनांत तिच्या निष्काळजीपणास दोषही देतों. त्याऐवजीं घरांतील एखाद्या शिकल्यासवरल्या माणसानें अर्धा दिवस मोडून तिच्याबरोबर जावें. तिचें आधारपत्र, मुलाचा जन्मदाखला व शाळेचा दाखला एका पिशवींत घालून द्यावा. विधि सेवा प्राधिकरणाचा अर्ज भरून द्यावा. आणि समितीच्या पुढल्या तारखेची नोंद आपल्या भिंतीवरील पंचांगावर करून ठेवावी. घरांत कोणी वकील असेल तर त्यानें प्राधिकरणाच्या यादींत आपलें नांव घालावें, आणि तें काम आलें असतां त्यास दुय्यम समजूं नये. कोट्यवधींच्या मालमत्तेच्या दाव्यांत हरलेला पक्षकार पुढें अपिलांत जिंकूं शकतो. दत्तक गेलेल्या मुलाचें बालपण कोणत्याही अपिलांत परत येत नाहीं.

आईस दिलेला वकील हें आईवर केलेलें दान नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो मुलाकरितांच आहे. मूल तिच्यापाशीं राहावें कीं न राहावें, हा निर्णय बरोबर व्हावा, यांत सर्वांत मोठा स्वार्थ त्या मुलाचा आहे, आणि दोन्ही बाजू नीट ऐकल्यावांचून तो बरोबर होण्याचा भरंवसा नाहीं. एकत्र कुटुंबाचें सुख ज्यांस लाभलें आहे, त्यांनीं आपल्या दहा हातांपैकीं एक हात अशा एखाद्या आईकरितां कधींमधीं मोकळा ठेवावा, एवढेंच आमचें मागणें आहे. हा अंक वाचून एका घरानें जरी एका आईस त्या कचेरीची वाट दाखविली, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.